धुतलेली सरकी

"तिलाच बसवा लिहायला. ती काय बोलत नाय."

मामा ओसरीवर बसून हे कुणाला तरी सांगत होता आणि मी मधल्या खोलीत तुरीच्या पोत्याला टेकून ऐकत होते. मध्ये जुन्या साडीचा पडदा होता. समोरच्या माणसानं विचारलं, "पण भाची तुमची इंग्लिश मीडियमची. तिला शेतीतलं काय कळतंय?"

"नाय कळत तेच बरंय," मामा म्हणाला. "आपण सांगायचं, तिनं उतरवायचं. अक्षर बघा एकदा. छापल्यावाणी."

मला राग यायला हवा होता. पण मी आधी मांडीवरच्या वहीकडे पाहिलं, आणि अक्षर खरंच चांगलं आहे असं मनात आलं. राग नंतर आला, पण तोवर मामी चहा घेऊन आली होती आणि चहा पिताना मला कुणावर रागावता येत नाही.

ही पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पदवी घेऊन मी घरी बसले होते. घर म्हणजे सिडकोतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाबा वाळूजला कंपनीत, शिफ्ट बदलली की घरातल्या जेवणाच्या वेळा बदलायच्या. मी दोन-तीन ठिकाणी मुलाखतींना गेले. एका ठिकाणी म्हणाले, स्वतःबद्दल सांगा, आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. त्यात एक निळा बुडबुडा होता, तो मला अजून आठवतो. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय विचारलं?" मी म्हटलं, "काही नाही." ते जवळजवळ खरंच होतं.

आईनं मामाला फोन केला. मामा म्हणाला, "पाठव माझ्याकडं. माझं सगळं काम इंग्रजीतच अडलंय."

मामाचं गाव वैजापूर तालुक्यात. गाव म्हणण्यापेक्षा वस्ती. शेतातच चार घरं. मामानं तिथं सेंद्रिय शेतीचा गट केला होता. गटातल्या प्रत्येक शेतकऱ्याची एक वही असायची. काय पेरलं, बी कुठून आणलं, काय फवारलं, शेजारच्याचं औषध आपल्याकडे उडू नये म्हणून बांधाला ज्वारीच्या किती ओळी लावल्या, सगळं त्यात लिहायचं. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येणार, वह्या बघणार, दोन-चार शेतं बघणार. तीन वर्षं वह्या नीट राहिल्या तर सेंद्रियचा दाखला. शेतकऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि वह्या, अर्ज सगळं आता वर इंग्रजीत द्यायचं होतं, म्हणून मामाला मी हवी होते.

शुक्रवारी मी एसटीनं वैजापूरला जायचे. स्टँडवर मामा मोटरसायकल घेऊन उभा असायचा. रविवारी पहाटे डाळ, शेंगा आणि तुपाच्या बरण्या घेऊन आम्ही टेम्पोनं शहरात परतायचो आणि रविवारच्या बाजारात स्टॉल लावायचो. मधले दोन दिवस मी वस्तीवर. तिथं फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची, आणि बाहेर पडायला मामाची मोटरसायकल सोडून दुसरं काही नव्हतं. कुणी मला कोंडलं नव्हतं. दार उघडंच असायचं. उघड्या दारातून फक्त कपाशी दिसायची, शेजारच्यांची, चारी बाजूंनी.

ती सगळी बीटी. बीटी म्हणजे काय हे मी शाळेत परीक्षेपुरतं शिकले होते: मातीतल्या एका जिवाणूचा जीन प्रयोगशाळेत कपाशीत घातला, त्यामुळे बोंडअळीला ती पचत नाही. वस्तीवर समजलं की हे वाक्य म्हणजे बाहेर दिसतं ते सगळं. सेंद्रियच्या नियमात असं बी चालत नाही. तूर, ज्वारी, भुईमूग यांची अडचण नव्हती. कपाशीची होती. मामा तालुक्याला जाऊन बिगर बीटी बी मागायचा तेव्हा दुकानदार म्हणायचा, "भाऊ, ते आता आमच्या आज्याच्या फोटोत दिसतं."

कपाशी लावूच नका, असं मी मनात म्हणायचे. पण गटातल्या प्रत्येकाच्या रानात थोडी तरी कपाशी असायचीच. कपाशी नसलेलं रान त्यांना रिकामं वाटायचं.

मग मामाला युक्ती सुचली. तेव्हा बीटीच्या मोठ्या पाकिटाबरोबर एक छोटी पुडी यायची. तिच्यात साधं बी असायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळ्यांना खायला थोडी जुन्या वळणाची कपाशी राहते आणि बीटीला सरावलेली अळी लवकर तयार होत नाही. (आता ती पुडी येत नाही. साधं बी मोठ्या पाकिटातच मिसळून देतात.) कडेची जमीन अळ्यांना कोण देणार? लोक पुडी फेकून द्यायचे, नाहीतर बैलाच्या पेंडीत टाकायचे.

"लोक जे फेकतात ते आपलं सोनं," मामा म्हणाला. जून लागताच त्यानं गावभर फिरून पुड्या गोळा केल्या. लोक हसले, पण दिल्या. एकानं तर मोठ्या पाकिटातलं उरलेलं बीही वर ओतलं. "हे पण घे रे, तुझ्या देवाला."

पुड्या फोडल्या तेव्हा बी गुलाबी निघालं. होळीच्या रंगासारखं गुलाबी. मोठ्या पाकिटातलं हिरवट होतं. मामी म्हणाली, "अगं बया, हे तर रंगवलेलं."

"औषध लावलेलं असतं," मामा म्हणाला. "धुऊन टाकू."

आणि त्यांनी खरंच धुतलं. हे मी कुणाला सांगितलं तर ऐकणाऱ्याला विनोद वाटतो. पण त्या दिवशी अंगणात तो विनोद नव्हता. मामीनं तीन टपं मांडली. पहिल्यात राख, दुसऱ्यात शेण आणि गोमूत्र, तिसऱ्यात साधं पाणी. बी चोळून चोळून एका टपातून दुसऱ्यात. गुलाबी पाणी अंगणातून वाहत तुळशीकडे गेलं, तेव्हा मामीनं घाईनं पायानं माती ओढून ते वळवलं. मला वाटलं, तिला कळलंय. पण ती काही बोलली नाही, आणि मी तर बोलतच नव्हते.

बी खाटेवर वाळत घातलं. धुतल्यावर गुलाबी कुठलं आणि हिरवट कुठलं हे राहिलं नाही. सगळं एकसारखं काळपट झालं.

"बघ," मामा मला म्हणाला, "माणसानं दारू सोडली, गळ्यात माळ घातली, की आपण त्याला माळकरीच म्हणतो ना? मागचं कोण काढतं? तसंच हे."

मामा लबाड नव्हता, हे मला इथं लिहायला हवं. फवारताना चक्कर येऊन तो एकदा बांधावर पडला होता, दोन दिवस दवाखान्यात होता. त्यानंतर त्यानं पंप विकला आणि लोकांच्या टवाळीत शेती चालवली. नियम त्याला अर्धा पटायचा. त्याच्या गोठ्यातली म्हैस बाजारातली सरकीची पेंड खायची. ती पेंड बीटी कपाशीचीच, दुसरी मिळते कुठं? त्या म्हशीचं शेण शेतात जायचं आणि तूप आमच्या स्टॉलवर यायचं. तेव्हा शुद्ध म्हणजे नेमकं कुठून शुद्ध, हा प्रश्न त्यालाही पडत असणार. त्याचं उत्तर त्यानं धुण्यात शोधलं.

मी अंगणात पडलेली गुलाबी अक्षरांची एक रिकामी पुडी उचलून वाचली. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की बियाण्याला रसायन लावलेलं आहे, ते विषारी आहे, खाण्यासाठी किंवा जनावरांसाठी वापरू नये. त्या अंगणात हे वाचता येणारी मी एकटी होते. पुडी मी परत होती तिथं ठेवली.

संध्याकाळी मामा गटाच्या वह्या सांगायला बसला. "बी कुठलं? घरचं लिही. औषध? नाय लावलं."

मी लिहिलं. इंग्रजीत ते फार सुबक दिसलं. खाली नोंद करणाऱ्याची सही होती, ती माझी.

त्यातलं बरंचसं बी मामानं जिजीला दिलं. जिजी शेजारच्या वस्तीवरची, साठीच्या पुढची. गटातली सगळ्यात नेमाची. दर शनिवारी यायची, माझ्यासमोर बसायची आणि बोटावर मोजत सांगायची, सोमवारी काय केलं, मंगळवारी काय केलं. एकदा म्हणाली, "माझ्या वहीत काय लिवलंय, वाच की माय."

मी मराठीत करून वाचलं. बियांपाशी आले आणि थांबले, पण ती बघत होती. "कपाशीचं बी घरचं," मी म्हटलं.

"घरचं कुठलं? भाऊनं दिलं ना."

"तसंच लिहायचं असतं," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज आलं की मीच दचकले.

"असंल बाई. तुला कळतंय."

जिजीचं ते तिसरं वर्ष होतं. तिचा मुलगा वाळूजला कामाला. सुट्टीला आला की म्हणायचा, हे शेणामुताचं बास कर, सगळ्यांसारखं बीटी लाव, नाहीतर रान मी दुसऱ्याला कसायला देतो. जिजीनं त्याच्याकडून तीन वर्षं मागून घेतली होती. दाखल्यावर तिचं नाव आलं तर रान तिच्या पद्धतीनं, नाहीतर मुलाच्या. हे ती मला शेंगा फोडताना सांगायची, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं.

रविवारी स्टॉलवर मी मागच्या खुर्चीत बसायचे. छावणी भागातून एक बाई नेहमी यायच्या, लहान मुलीला घेऊन. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "खरंच सेंद्रिय आहे ना? हिला सगळ्याची ॲलर्जी आहे." मी मागे लावलेल्या गटाच्या नोंदणीच्या कागदाकडे बोट केलं. त्या हसल्या. "तू बोलत नाहीस ना, म्हणून विश्वास बसतो. बाकीचे फार बोलतात."

त्या दिवशी टेम्पो आवरताना मी आईला फोन करून म्हटलं, मला पुढच्या आठवड्यात जायचं नाही.

"का? मामा काही बोलला?"

"नाही."

"मग? अगं, तुझं नाव तो सगळीकडे सांगतो. माझी भाची सगळं सांभाळते म्हणतो. इतकं कौतुक कुणी केलंय तुझं?"

कुणीच केलं नव्हतं. मी पुढच्या शुक्रवारी गेले, आणि त्याच्या पुढच्याही. जून गेला, कपाशी गुडघ्याला आली, मग कमरेला. माझ्या सहीखाली वह्या भरत होत्या. शेवटी शेवटी मला त्या वह्यांची भीती वाटायची, पण त्यांच्याशिवाय मी कोण होते, तेही सांगता आलं नसतं.

तपासणी दिवाळीनंतर झाली. वेचणी चालू होती. साहेब एकटेच आले, टोपी घालून, थकलेले. त्यांनी बिनदुधाचा चहा मागितला, मामीला तो जमला नाही. वह्या चाळून ते म्हणाले, "हे कुणी लिहिलंय?"

"भाची माझी," मामा म्हणाला.

"इतक्या नीट वह्या मी पाहिल्या नाहीत कुठं."

मामानं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. मी नखाखालची शाई काढत राहिले.

मग साहेबांनी यादीवर डोळे मिटल्यासारखं बोट ठेवलं. ते जिजीच्या नावावर पडलं.

जिजीच्या रानात चार-पाच बाया वेचत होत्या. साहेबांनी वेगवेगळ्या झाडांची पानं खुडली, छोट्या नळीत पाण्याबरोबर कुटली आणि त्यात कागदाची पट्टी उभी केली. बाया हातातलं सोडून जवळ आल्या.

"हे कशाचं हो साहेब?"

"बीटी आहे का बघायचं. एक रेघ आली तर नाही. दोन आल्या तर आहे."

"अगं बया! दोन आल्या तर गोड बातमी!" एक जण म्हणाली आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. "जिजे, या वयात गं!"

जिजीही हसली. सगळे पट्टीकडे बघत होते. पहिली रेघ लगेच आली. दुसरी हळूहळू आली, फिकट, पण आली.

हसणं थांबलं. मामा म्हणाला, "वाऱ्यानं आलं असंल साहेब. चारी बाजूनं त्यांचंच रान हाय."

"वाऱ्यानं आलं तर ते पुढच्या बियांत दिसेल," साहेब म्हणाले. "याच झाडांच्या पानात कसं येईल? हे पेरलेल्या बियातच होतं." त्यांनी जिजीची वही उघडली. "इथं बी घरचं लिहिलंय. आजी, तुमच्याकडे घरचं बी ठेवलेलं असेल ना? दाखवा."

जिजीचा चेहरा उजळला. बी दाखवा म्हटलं की तिला नेहमीच आनंद व्हायचा. ती लगबगीनं घरात गेली आणि आढ्याला बांधलेलं काहीतरी सोडून आणलं. तिचा वाल, दोडका, गावरान भोपळा, वर्षानुवर्षं जपलेलं. सगळं एका चकचकीत पुडीत भरून तोंड दोऱ्यानं बांधलेलं. तीच गुलाबी अक्षरांची पुडी. मामाच्या अंगणातून तिनंच उचलून नेलेली असणार. चांगली जाड पुडी, उंदीर कुरतडत नाहीत.

साहेबांनी बी तळहातावर ओतलं, कापसासाठी अंथरलेल्या तळवटावर ठेवलं आणि पुडी उलटी करून वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते. ते कुठल्या ओळीवर आहेत हे मला कळत होतं.

"आजी, ही पुडी कुठली?"

जिजी मामाकडे बघू लागली.

मामा जिजीला कायम अगं-तुगं करायचा, घरच्यासारखं. त्या दिवशी तो म्हणाला, "जिजी, हे तुम्ही कुठून आणलं?"

ते "तुम्ही" ऐकून जिजीला सगळं समजलं. मला दिसलं. तिनं पदर खांद्यावर घेतला, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणलं असंल कुठून तरी. म्हातारं माणूस. नाय ध्यानात."

साहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांना यात काही नवीन नव्हतं. "हे बघा भाऊ," ते मामाला म्हणाले, "बाकीच्या वह्या व्यवस्थित आहेत. एका सभासदानं लपवून असं केलं तर गटाला त्रास नको. मी यांचं नाव कमी करतो. बाकीच्यांचं पुढे जाईल."

मामानं एकदा चारी बाजूंच्या रानाकडे पाहिलं. तो वाईट माणूस असता तर मला बरं पडलं असतं. त्याच्यामागे सगळ्या गटाची तीन वर्षं उभी होती, ती त्याला दिसत होती, आणि समोर एकटी जिजी. मग त्यानं मान हलवली. "करा साहेब. एक जण गेलं तर गेलं."

एक बाई पुटपुटली, "जिजे, अगं बोल की." जिजी खाली वाकून तळवटावर सांडलेलं वालाचं बी एक एक करून वेचायला लागली. साहेबांनी खिशातून पेन काढलं. वही त्यांनी माझ्याकडेच धरली, कारण टेकायला दुसरं काही नव्हतं. माझ्या दोन्ही हातांवर वही आणि वहीवर त्यांचं पेन. पान तेच होतं. जून महिना. माझं अक्षर. खाली माझी सही. पेनचं टोक जिजीच्या नावावर येताना मला उलटं दिसत होतं.

मला पेपरवेटमधला निळा बुडबुडा आठवला. आठवायला तीच वेळ मिळाली. मामा माझ्याकडे बघतही नव्हता, कारण माझी त्याला काळजी नव्हती. मी काय बोलत नाय.

मी वही मिटली. साहेबांचं पेन आत अडकलं. ते चमकून बघायला लागले, आणि माझा आवाज निघाला तेव्हा तो इतका बारीक होता की मला ते दोनदा म्हणावं लागलं.

"साहेब, हे जिजीनं नाही केलं. बी घरचं नव्हतं. पुड्यांमधलं होतं, गुलाबी होतं, आम्ही मामाच्या अंगणात ते धुतलं. मी पुडी वाचली होती, आणि वाचून हे खोटं लिहिलं."